‘परत’चा रकाना

दर रविवारी रात्री, जेवणे आटोपली की मी लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढतो. आठवडाभरात पाहिलेले सिनेमे तिच्यात उतरवतो. रकाने पाच: तारीख, सिनेमा, कुठे पाहिला, कोणाबरोबर, आणि शेवटचा ‘परत’. सिनेमा पहिल्यांदाच पाहिला असेल तर तो रकाना कोरा राहतो, नाहीतर तिथे २ किंवा ३ असा आकडा पडतो. आमच्या विदर्भातल्या कळंबला चिंतामणी गणपतीचे दर्शन घ्यायचे तर पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे लागते. या साध्या वहीचे कूळ शोधायलाही तसेच खाली उतरावे लागते.

सगळ्यात खालच्या पायरीवर दुकानदाराची चोपडी आहे. ‘रोजनिशी’ हा शब्द मुळात मनातले गूज लिहिण्याचा नव्हेच. ‘रोज’ फारसी आणि त्यापुढची ‘निशी’, म्हणजे लिहिणे, तीही फारसी. चिटणीस, फडणीस यांच्यातला ‘नीस’ त्याच घराण्यातला. पेशव्यांच्या दप्तरात रोजकीर्द असे, व्यापाऱ्याच्या पेढीवर कीर्द आणि खतावणी. घडले तसे दिवसाच्या क्रमाने मांडायचे ते कीर्दीत. मग त्यातले एकेकाच्या नावाचे वेगळे काढून त्याच्या खात्यावर चढवायचे ते खतावणीत. माझ्या वहीचे पहिले चार रकाने म्हणजे कीर्द. ‘परत’चा आकडा लिहायचा तर मागची पाने चाळून त्या सिनेमाचे खाते काढावे लागते, तिथे खतावणी सुरू होते.

सिनेमाच्या धंद्यातही हिशेब होताच. थिएटरचा मॅनेजर रोज रात्री किती तिकिटे खपली, करमणूक कर किती, गल्ला किती हे डीसीआरमध्ये, म्हणजे डेली कलेक्शन रिपोर्टमध्ये भरून वितरकाकडे पाठवी. वऱ्हाडच्या वितरकांची मोठी पेठ अमरावतीला. तिथून रिळांच्या पेट्या गावोगावी जात. हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटांचे. तीन तासांच्या सिनेमाला तशी सोळा-सतरा रिळे लागत. पेटी आली की सिनेमा लागे, पेटी उठली की उतरे. हा सगळा व्यवहार आठवड्याने मोजला जाई. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल थिएटरमध्ये लागला तो ५७ आठवडे चालला. १९७५ चा ‘शोले’ मुंबईच्याच मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षांहून अधिक काळ राहिला.

हे आकडे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यातली एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. तेव्हा आठवडा सिनेमाचा होता, पाहणाऱ्याचा नव्हता. सिनेमा परत पाहणे आपल्या हातात नसे. तो गावात परत यावा लागे.

पाहणाऱ्याने स्वतःसाठी वही धरण्याचे वळण पुण्यामुंबईत पक्के झाले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. ते ज्यांनी जोपासले ते पी. के. नायर अंधाऱ्या प्रेक्षागृहात वहीत टिपणे घेत बसत. कोणता प्रसंग कितव्या रिळात येतो, हे ते सहज सांगत. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी निघाली. अशा सोसायट्यांमुळे सिनेमा पाहून उठल्यावर त्याविषयी बोलणे आणि लिहिणे, हाही पाहण्याचाच भाग आहे, अशी सवय कितीतरी मराठी माणसांना लागली.

मग आठवड्याचा मालक बदलला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, असा घराघरांचा नेम ठरला. पुढे व्हीसीआर आला, सीडी आली, मोबाइल आला. आता सिनेमा उतरतच नाही, त्यामुळे लक्षात ठेवण्याचे काम पाहणाऱ्यावर येऊन पडले. अमेरिकी दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग वर्षभरात पाहिले-वाचलेल्याची तारीखवार यादी प्रसिद्ध करतो. २०११ साली न्यूझीलंडमध्ये निघालेल्या ‘लेटरबॉक्स्ड’ने हीच वही फोनमध्ये आणली. पुन्हा पाहिल्याची खूण करण्याची सोय तिथेही आहे.

हे टिपून ठेवायचे कशाला, असे मला विचारतात. मला ‘आलम आरा’ आठवतो. भारताचा पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. तो पाहून घरी गेलेल्या एखाद्याने त्या रात्री चार ओळी खरडल्या असतील आणि त्या कुठे सापडल्या, तर त्यांचे मोल काय होईल! रीळ जळते, विरघळते. पाहणाऱ्याची साक्ष कागदावर तग धरू शकते.

माझ्या वहीत सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ची तीन नोंदी आहेत. २००९ चा हा सिनेमा आमच्या विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा. पहिल्या नोंदीत मी फक्त त्या शेतकऱ्याबद्दल, किस्नाबद्दल लिहिले आहे: त्याचे बियाणे, त्याचे आभाळाकडे बघणे. दुसरीत त्याची बायको अलका आली. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी, त्याला एकटे सोडू नये म्हणून पोरालाही मागे धाडणारी. पहिल्या वेळी ती पडद्यावर होतीच. मला दिसली नव्हती. तिसरी नोंद गेल्या मृगातली, पेरणी खोळंबली होती तेव्हाची. ‘कोणाबरोबर’च्या रकान्यात लिहिले आहे: आई. आणि त्याखाली एकच ओळ: ‘आई म्हणाली, त्या पोरावर कोण नजर ठेवते?’

चौथ्यांदा पाहीन तेव्हा मी त्या पोराकडे बघेन.