रहीमसाहेबांची तालीम

मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० पासून लागोपाठ पाच वर्षे फुटबॉलचा रोव्हर्स चषक जिंकून नेणारा संघ कलकत्त्याच्या कोणा मातब्बर क्लबाचा नव्हता. तो हैदराबाद शहराच्या पोलीस खात्याचा होता, आणि त्याची तालीम घेणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर होते. निजामाचा अंमल संपून दोनच वर्षे लोटली होती आणि मराठवाड्याचे जिल्हे अद्याप हैदराबाद राज्यातच होते. त्यामुळे आपल्या मुलखातल्या या मास्तरांची आठवण मराठी वाचकाने ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

पोलीस संघाची सूत्रे हाती आली त्याच वर्षी रोव्हर्स, आणि पुढच्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या भारतीय संघाला मेवालाल यांच्या एकमेव गोलाने इराणवर मात करून सुवर्णपदक! नव्याने नेमलेल्या शिक्षकाला याहून त्वरित यश ते कोणते मिळायचे? पण असे यश संघातील वैगुण्ये झाकून ठेवते, आणि ती उघडी पडली १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला, जेव्हा बहुतांशी अनवाणी खेळणारा आपला संघ युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक अशा गोलांनी पराभूत झाला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. परंतु पायात बूट चढविण्याचा हुकूम एका दिवसात निघतो, त्या पायांची सवय पालटायला वर्षे लागतात, आणि रहीमसाहेबांची खरी थोरवी मला दिसते ती या वर्षांच्या कामात.

१९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. त्या अधिकारात त्यांनी लहान मुलांसाठी ज्या स्पर्धा भरविल्या त्यांचे नियम आजही कोणा क्रीडाशिक्षकाने नीट न्याहाळावेत. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मनाई असे. आला की तो तत्क्षणी सोबत्याकडे धाडायचा, म्हणजे चेंडू येण्यापूर्वीच मान वर करून सोबती कोठे उभा आहे हे हेरून ठेवणे मुलाला भागच पडे. दुसरीत ज्याचा जो पाय दुबळा, त्याच पायाने खेळायचे. अशा सामन्यात पहिले कित्येक दिवस चेंडू भलतीकडेच जात असणार, बघ्यांना त्यात काडीची गंमत वाटत नसणार आणि त्यातून कोणता चषकही लगोलग हाती येत नसणार. पण डाव्या पायाने अचूक चेंडू देणारा मुलगा तयार होतो तो याच कंटाळवाण्या तासांतून. सिकंदराबादेच्या बाजूने मैदानावर यायला तुलसीदास बलराम या गरीब घरच्या पोराजवळ वाहन नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी स्वतःच्या खिशातून दिले.

१९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकला गेलेल्या संघाची धुरा त्यांच्याचकडे होती, आणि त्या संघात वीस वर्षांचा बलरामही होता. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ ने जिंकून उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे गाठ पडली ती पुन्हा युगोस्लाव्हियाशीच. या खेपेस पहिला गोल भारताचा होता! सामना अखेरीस १-४ असा गेला, संघ चौथ्या क्रमांकावर राहिला. परंतु हेलसिंकीचा निकाल ज्याच्या स्मरणात होता त्याला या पराभवातील प्रगती सांगावी लागली नसेल.

जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत १९६२ साली भारताविरुद्धचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० ने जिंकला. पुढे मागच्या फळीचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले, तेव्हा त्यांना विश्रांती देण्याऐवजी रहीमसाहेबांनी उपांत्य फेरीपासून सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. बाहेरून हे धाडस वाटते. पण महाविद्यालयात असताना जर्नेल त्याच जागी खेळत, आणि आपल्या माणसांचा पूर्वेतिहास पाठ असलेल्या गुरूलाच अशी मसलत सुचते. ४ सप्टेंबरला, भारताविरुद्ध खवळलेल्या प्रचंड जमावासमोर, अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी यांनी पहिला आणि पट्टी बांधलेल्या जर्नेल यांनी दुसरा गोल केला. सामना २-१ ने जिंकला गेला. रहीमसाहेबांच्या फुप्फुसांना त्या वेळी कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारतात आलेले नाही.