न आलेल्या पाहुण्यासाठी दीड मिनिट: लिनक्स सुरू व्हायला वेळ का लागतो?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. लिनक्सवरचा कॉम्प्युटर कधीकधी सुरू व्हायला इतका वेळ का घेतो, हा आजचा प्रश्न. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या वेळात मशीन बरेचदा काम करतच नसतं, ते वाट बघत असतं. पंगतीत एक पाहुणा यायचा राहिला म्हणून सगळे वाढलेल्या ताटापुढे बसून राहतात ना, तसं. आणि वाट कोणाची आणि किती बघायची, यावर लिनक्सच्या जगात गेली 30 वर्षं डोकेफोड चाललीय.

सुरुवात करू 1991 पासून. हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स लिनक्स लिहायला बसला, तेव्हाच्या पीसीमध्ये आयएसए नावाचे स्लॉट असायचे. त्यात बसवलेलं कार्ड स्वतःहून 'मी अमुक' असं सांगू शकत नसे. मग ड्रायव्हर काय करायचा? ठरावीक पत्त्यांवर जाऊन दार वाजवायचा आणि उत्तर कसं येतं त्यावरून अंदाज बांधायचा. यालाच प्रोबिंग म्हणतात. यात नुसता वेळच जायचा असं नाही, धोकाही होता. एनई2000 हे त्या काळचं स्वस्त आणि लोकप्रिय नेटवर्क कार्ड. दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरने त्याचं दार वाजवलं, तर अख्खं मशीन गोठायचं! म्हणून कर्नेलला 'रिझर्व्ह' नावाचा पर्याय द्यावा लागला. अर्थ सरळ होता: या पत्त्यावर शोधाशोध करू नकोस.

1992 मध्ये इंटेलची पीसीआय बस आली आणि चित्र बदललं. आता प्रत्येक कार्डावर बनवणाऱ्याचा आणि वस्तूचा असे दोन क्रमांक आले. कर्नेलने विचारायचं, कार्डाने क्रमांक सांगायचा, विषय संपला. मग वाट बघणं संपलं का? नाही. हार्ड डिस्कची तबकडी फिरायला काही सेकंद लागतातच. आणि 1996 मध्ये यूएसबी आलं. यूएसबीची गंमत अशी की वस्तू कधीही जोडली जाते, कधीही काढली जाते. 'आता सगळे आले' असं म्हणता येईल असा क्षणच तिथे नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच नडणार आहे.

तोवर लिनक्सची पद्धत हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखी होती. एकेकाचं नाव घ्यायचं, 'हजर' ऐकू येईपर्यंत थांबायचं, मगच पुढचं नाव. 2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं आणि ही पद्धत उलटी केली. कर्नेलला एखादी वस्तू दिसली की तो आरोळी देणार, ती ऐकून यूडेव्ह तिची नोंद करणार. म्हणजे जो येईल त्याने वर्दी द्यायची. पण जुन्या स्क्रिप्टांना अजूनही सगळे आल्याची खात्री हवीच होती. त्यांच्यासाठी 'सेटल' नावाची आज्ञा आली: आलेल्या सगळ्या वर्द्यांचा निपटारा होईपर्यंत थांबा. झालं! एक हळू वस्तू अडली की तिच्यामागे सगळी रांग अडली.

मग आलं 2008. अमेरिकेत पोर्टलंडला लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये इंटेलच्या आर्यन व्हान डे व्हेन आणि ऑक कॉक यांनी आसूसचा छोटा ईईई पीसी 5 सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी चक्क वेळेचं अंदाजपत्रक मांडलं होतं: कर्नेलला 1 सेकंद, सुरुवातीच्या सेवांना 1, ग्राफिक्सला 1 आणि डेस्कटॉपला 2. पुढच्याच वर्षी व्हान डे व्हेन यांचं काम कर्नेलमध्ये आलं. त्यामुळे एक डिस्क जागी होत असताना बाकीच्या वस्तू शोधता येऊ लागल्या.

पण सगळे एकदम आत येऊ लागले की पहिला कोण आणि दुसरा कोण? डिस्कची नावं येण्याच्या क्रमावरून पडतात. आज जी 'एसडीए' ती उद्या 'एसडीबी' होऊ शकते. म्हणून डिस्कवरच्या प्रत्येक विभागाला, म्हणजे पार्टिशनला, यूयूआयडी या लांबलचक कायम क्रमांकाने ओळखायची पद्धत रुळली.

2012 मध्ये तर मजेशीर तिढा पडला. काही ड्रायव्हर सुरू होताना यूडेव्हकडे फर्मवेअरची फाइल मागत. आणि यूडेव्ह म्हणे, आधी ड्रायव्हर सुरू होऊ दे, मग फाइल बघतो. दोघंही 'पहले आप' करत मुदत संपेपर्यंत बसून राहायचे! टोरवाल्ड्स चांगलेच भडकले. शेवटी 3.7 या आवृत्तीपासून कर्नेल फर्मवेअरची फाइल स्वतःच वाचू लागला.

आता आजच्या काळात येऊ. 2010 मध्ये आलेलं सिस्टमडी आज बहुतेक लिनक्सवर आहे. मध्यंतरी एका छोट्या वाचनालयातला कॉम्प्युटर मी पाहिला. 'म्हातारा झालाय, भंगारात देऊ,' असं ठरत आलं होतं. सुरू करताना तो बरोब्बर दीड मिनिट थांबायचा. आकडा इतका नेमका असला की समजावं, हे म्हातारपण नाही, ही मुदत आहे. सिस्टमडी न सापडणाऱ्या डिस्कची साधारणपणे 90 सेकंद वाट बघतं. त्या मशीनमधली जुनी दुसरी डिस्क कधीतरी काढून टाकली होती. पण तिचा यूयूआयडी एफएसटॅब या फाइलमध्ये तसाच होता. ती ओळ काढली आणि थांबणं संपलं. खर्च शून्य.

तुमच्याकडे असं झालं तर आधी 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' चालवा. वेळ कर्नेलमध्ये गेला की नंतरच्या सेवांमध्ये, ते कळतं. त्यालाच 'ब्लेम' जोडलं की सेवांची यादी मिळते. पण ती जपून वाचा. सेवा एकाच वेळी चालतात, त्यामुळे यादीत वर असलेली सेवा दोषी असेलच असं नाही. शिवाय जी डिस्क आलीच नाही, तिचं नाव या यादीत बहुधा सापडत नाही. त्यासाठी 'जर्नलसीटीएल'ची नोंद बघा आणि 'टाइम्ड आउट' हे शब्द शोधा. वेळ कर्नेलमध्येच जात असेल तर 'डीमेसेज'मध्ये दोन ओळींच्या वेळांत मोठी फट कुठे पडते ते पाहा. फटीच्या आसपासच्या ओळींत बहुधा धागा मिळतो. आणि बाहेरची डिस्क कधी जोडलेली असते, कधी नसते, असं असेल तर एफएसटॅबमध्ये तिच्या ओळीत 'नोफेल' लिहा. म्हणजे आलास तर ये, नाही तर आम्ही जेवायला बसतो!

किती मशीन केवळ या वाट बघण्यापायी 'जुनी' ठरून बाहेर गेली असतील, असा विचार मनात येतो. तुमच्या माळ्यावर असं एखादं असेल, तर टाकून देण्याआधी एकदा विचारा: बाबा रे, तू थांबलायस कोणासाठी?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.