वेळापूर ते दिल्ली : एका ‘खो’ची वाट

वेळापूर म्हटले, की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, अर्धनारीनटेश्वराचे देऊळ; यादवराजा रामचंद्रदेवाच्या काळातले मराठी शिलालेख या गावात आहेत. दुसरी, धावा. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी गावाजवळ आली, की वारकरी पताका सावरीत धावत सुटतात. येथूनच तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावू लागले, अशी श्रद्धा आहे. माझा बालमित्र, ज्याला सारे गाव मास्तर म्हणते, तो यात तिसरी गोष्ट जोडतो. “धावणे इथल्या मातीतच आहे गड्या! म्हणून तर येथे खोखो पिकतो.”

इतिहासाच्या तराजूत या विधानाचे वजन किती भरेल, ते असो. परंतु २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खोखोची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि भारताच्या संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता, तेव्हा मास्तरांशी वाद घालण्याची सोय उरली नाही. संक्रांतीच्या संध्याकाळी तो तिळगूळ घ्यायला म्हणून आला आणि म्हणाला, “उद्या पहाटे गाडी काढ. अंतिम सामना १९ तारखेला आहे.”

“अरे, रेल्वे आहे, विमान आहे...”

“खोखो बघायला जायचे ते जमिनीवरून!”

आमची मंडळी आतून म्हणाली, “दोघांचे मिळून चार गुडघे, त्यांतले धड दोन. आणि म्हणे मोटारीने दिल्ली!” पण त्यांनीच ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिळगुळाचा डबा बांधून दिला.

अकलूज, टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, मनमाड, धुळे, अशी वाट. पुढे सेंधव्यावरून नर्मदा ओलांडून इंदूर, मग ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्ली. होळकर-शिंद्यांच्या फौजांचा मुलूख आम्ही भाकरी मोडीत पार केला. वाटेत विषय एकच.

खोखोचा उगम कोणी महाभारतातल्या चक्रव्यूहाशी जोडतात. ऐकायला गोड आहे. पुरावा मात्र नाही. पोरांच्या अंगणातला तो खेळ होता, एवढे खरे. त्याला कागदावर आणले ते शहरांनी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियम ठरविण्यासाठी समिती नेमली. १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. १९५९-६० साली विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि लागलीच स्त्रियांच्या स्पर्धाही सुरू झाल्या. १९७० साली बडोद्याच्या सुधीर परबांना खोखोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला.

“म्हणजे नियम पुण्या-बडोद्याचे,” मी म्हणालो.

“आणि पाय खेड्यांचे!” मास्तर म्हणाला. “२०२० साली अर्जुन पुरस्कार कोणाला मिळाला? आपल्या शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला. का? या खेळाला लागते काय? दोन खांब, मूठभर फक्की आणि झाडलेली जमीन. बॅट नाही, चेंडू नाही, बूटसुद्धा नाहीत. गरिबाच्या पोरीला बापाकडे काही मागावे लागत नाही.”

वाचकहो, खेळ सोपा वाटतो, पण तो सोपा नाही. आठ गडी एका ओळीत आळीपाळीने उलट तोंडे करून बसायचे, नववा पाठलाग करणार. त्याने एकदा दिशा धरली, की खांबापर्यंत मागे वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. आपल्याला जमत नसेल, तर बसलेल्याच्या पाठीमागून ‘खो’ द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचे. जागा सोडणाऱ्याची प्रतिष्ठा सांभाळणारा असा खेळ माझ्या माहितीत दुसरा नाही!

ग्वाल्हेरच्या अलीकडे दाट धुके पडले आणि मास्तरही गप्प झाला. बऱ्याच वेळाने त्याने मनातले काढले. “दिल्लीत मॅटवर खेळतात. नऊ मिनिटांची पाळी सात मिनिटांची केली, एका गड्याला दोन गुण केले. ते चालेल एक वेळ. पण मॅट पैशाने येते रे. मातीत शिकलेले पोर मॅटवर घसरले, तर त्याला कोण विचारणार? फुकटचा होता म्हणून आपला होता हा खेळ.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

१९ तारखेला इंदिरा गांधी क्रीडासंकुलात आम्ही जाऊन बसलो. तेवीस देशांचे संघ या स्पर्धेला आले होते. परदेशी गडीही तोच ‘खो’ म्हणत होते. त्या शब्दाचे भाषांतर करण्याची गरज कोणाला भासली नव्हती. आधी प्रियांका इंगळेच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरविले. मग प्रतीक वाईकरचा संघ उतरला. पहिल्याच पाळीत रामजी हवेत झेपावला आणि नेपाळचा गडी टिपून मॅटवर पसरला. उठला तो तसाच, ना कोपर सोललेले, ना गुडघा!

मास्तरने नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. खांबाजवळ सूर मारताना विद्यार्थिदशेत फुटलेला तो गुडघा. त्यानंतर तो कधी खेळला नाही. आयुष्यभर शिट्टी वाजवीत राहिला. भारताने ५४-३६ असा सामना जिंकला. सारे संकुल उभे राहिले. मास्तर मात्र बसूनच होता.

बाहेर आल्यावर चहा पिताना तो हळूच म्हणाला, “मॅट वाईट नाही रे. ती गावोगाव नाही, हे वाईट.”

शंभर वर्षांपूर्वी शहरांनी खेड्यांचा खेळ उचलला, त्याला नियम दिले, हे उपकारच झाले. आता त्याच खेळाला पैसा आणि जागतिक चषक लाभला आहे. पण बसलेल्या गड्याला ‘खो’ मिळाल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. दिल्लीने खेड्याला ‘खो’ द्यायचा, की खेड्याने बसूनच राहायचे, हा प्रश्न आता उरला आहे.

परतीच्या वाटेवर मास्तरने तिळगुळाचा रिकामा डबा मांडीवर घेतला आणि त्यावर वही ठेवून हिशेब मांडला. मैदान २७ बाय १६ मीटर. त्यावर अंथरायला मॅट किती लागेल, खर्च काय येईल, कोणाकोणापुढे हात पसरायचा, सारे ओळीने लिहिले. करमाळ्याला जेवायला थांबलो, तेव्हा मी ती यादी पाहिली.

पहिले नाव माझे होते.

“हा काय प्रकार?” मी विचारले.

मास्तरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “खो!”