गाजरगवत, नस्य आणि नाकातील फवारा

राळेगणसिद्धीचा अलीकडचा इतिहास बहुधा पाण्याच्या अंगाने सांगितला जातो, आणि 1975 मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांतून हे पर्जन्यछायेतील गाव कसे सावरले, याचे वर्णन त्यात यथायोग्य येते. तथापि हे गाव ज्यात येते त्या पारनेर तालुक्याच्या, किंबहुना साऱ्या दख्खनच्या पठाराच्या हवेलाही इतिहास आहे. आणि पावसाळ्यात शिंका, नाकाची खाज व पाणी वाहणे यांनी हैराण होणाऱ्या माणसाची कहाणी त्यात मोडते.

या विकाराला वैद्यकीय लेखनात परागज्वर म्हणतात आणि बोलण्यात ‘ॲलर्जीची सर्दी’. इंग्रजांनी त्याला ‘वाळल्या चाऱ्याचा ताप’ असे नाव दिले असले तरी त्यात ना चारा मुख्य कारण असतो, ना ताप येतो. जॉन बॉस्टॉक या वैद्याने 1819 मध्ये लंडनमध्ये स्वतःच्याच लक्षणांचे वर्णन मांडले आणि मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने 1873 मध्ये, स्वतःवरच प्रयोग करून, फुलांतील पराग हे त्याचे कारण असल्याचे दाखवले.

नाकावाटे औषध देण्याची कल्पना भारतात मात्र याहून फार जुनी आहे. आयुर्वेदात तिला नस्य म्हणतात व पंचकर्मांत तिची गणना होते, कारण नाक हे मस्तकाचे द्वार आहे अशी त्या शास्त्राची धारणा आहे. चरकसंहितेत प्रतिश्याय, म्हणजे सर्दी, या विकाराच्या कारणांत धुळीचा उल्लेख आहे. तसेच सहा अंगुळे लांब, दोन्ही टोकांना तोंड असलेल्या नळीतून चूर्ण नाकात फुंकण्याची प्रधमन नावाची रीत तिथे सांगितली आहे. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अणुतेलाची आहे: ते दरवर्षी प्रावृट्, शरद आणि वसंत या तीन ऋतूंत, आकाश निरभ्र असताना घ्यावे असे त्या ग्रंथात म्हटले आहे, म्हणजेच विकार बळावण्याची वाट न पाहता ऋतूच्या हिशेबाने उपाय करण्याची शिस्त तिथे स्पष्ट दिसते. त्या तेलात आणि आज नाकात फवारल्या जाणाऱ्या औषधात घटकांचे साम्य शोधणे मात्र चुकीचे ठरेल. नाकात जाणारी दुसरी गोष्ट, तपकीर, ही औषध म्हणूनही ओढली जात असे, पण ती तंबाखूच होती आणि नाकाच्या आतील नाजूक त्वचेला चुरचुरवणारी होती. राळेगणच्या तरुणांनी गावातील दुकानांतील तंबाखू, विड्या व सिगारेटी गोळा करून होळीत जाळल्या, त्या घटनेचे मोल या संदर्भातही ध्यानात यावे.

जुन्या ग्रंथकारांना ठाऊक नसलेली एक वनस्पती विसाव्या शतकाच्या मध्यावर या मुलुखात शिरली. पांढऱ्या फुलांच्या काँग्रेसी टोपीशी असलेल्या साधर्म्याने ‘काँग्रेस गवत’ आणि पानांमुळे ‘गाजरगवत’ म्हटली जाणारी, मूळ अमेरिका खंडातील ही वनस्पती पुण्यात 1950 च्या दशकात आढळली व आर. एस. राव यांनी 1956 मध्ये तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. पी. एल. 480 या धान्यपुरवठ्याच्या करारातील अमेरिकन गव्हाबरोबर ती आली, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. पण भारताशी तो करार 1956 च्या ऑगस्टमध्ये झाला आणि वनस्पती त्याआधीच दिसली होती, म्हणून ही समजूत जपून स्वीकारावी लागते. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे अतिचराईने उघडी पडलेली जमीन तिला सोयीची होते आणि दाट गवत असलेल्या कुरणात तिचा शिरकाव अवघड होतो. चराईबंदीचे महत्त्व या बाजूनेही पाहण्याजोगे आहे. प्रारंभी पुण्यातील डॉक्टरांना तिच्यामुळे होणारा त्वचादाहच ठळकपणे दिसला. पुढे परागांकडे लक्ष गेले, आणि बंगळूरुमध्ये 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाकाच्या ॲलर्जीच्या 34 टक्के रुग्णांच्या त्वचेने तिच्या परागांना प्रतिसाद दिला. हवेतील असे कण मोजण्याचे यंत्र मराठवाड्यातच तयार झाले होते: एस. टी. टिळक व आर. एल. कुलकर्णी यांचे ‘टिळक एअर सॅम्पलर’, 1970 मधील.

उपचाराची नवी वाट स्टेरॉइडने उघडली, म्हणजे सूज शमवणाऱ्या संप्रेरकासारख्या औषधाने. गोळीवाटे ते साऱ्या शरीरात पसरते. 1970 च्या दशकाच्या आरंभी बेक्लोमेथासोन नाकात फवारण्याजोगे झाले, तेव्हा अल्प मात्रेत ते नेमके सुजलेल्या जागी पोहोचू लागले. फ्लुटिकासोन व मोमेटासोन त्यानंतरची. चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे थेंब निराळे असतात. ते काही दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो आणि त्याचा पुरा गुण येण्यास कित्येक दिवस, प्रसंगी दोन आठवडे लागतात, म्हणून एकदोनदा वापरून ‘उतार पडत नाही’ असे ठरवणाऱ्याचे नुकसान होते. नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूस, कानाच्या दिशेने धरावे, कारण पडद्यावर मारा झाल्यास रक्त येऊ शकते. आणि पावसाने उगवलेले गाजरगवत महिन्या-दीड महिन्यात फुलावर येत असल्याने, दरवर्षी त्याच काळात त्रास होणाऱ्याला डॉक्टर फवारा फुलोऱ्याच्या आधीच, म्हणजे पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत, सुरू करण्यास सांगतात.