अंदमानची धावपट्टी कुणी बांधली?



आमच्या कापडे गावातून, पोलादपूर-महाडकडून हल्ली बरेच लोक अंदमानला जाऊन येतात. गेल्या थंडीत मीही गेलो. विमान उतरलं, 'वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ' ही पाटी दिसली आणि सगळ्यांनी फोटो काढले. ज्या धावपट्टीवर उतरलो ती कुणाच्या घामातून झाली, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्याला समुद्राकडे तोंड करून बसलेले काँक्रीटचे बंकर दिसले. गाडीवाला म्हणाला, "जपानी टाइम का है." घरी आल्यावर वाचायला बसलो, आणि झोप उडाली.

२३ मार्च १९४२ ला जपानी फौज पोर्ट ब्लेअरला उतरली. इंग्रज आधीच निघून गेले होते. मागे राहिले ते बहुतेक काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांचे वंशज आणि छोटे नोकरदार. पहिल्या दोन दिवसांतच झुल्फिकार अली नावाच्या तरुणाला भर लोकांसमोर मारलं. त्याचा गुन्हा काय? घरात घुसणाऱ्या सैनिकांवर त्याने छऱ्याची बंदूक झाडली होती.

मग जपान्यांना विमानतळ हवा झाला. लांबा लाइनच्या सपाटीवर बेटावरच्या लोकांना जबरदस्तीने कामाला जुंपलं. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, वेठबिगार. आजचा विमानतळ त्याच जागेवर आहे, पुढे वाढवलेला.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १० सप्टेंबर १९४२ ला नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. इकडे इंग्रजाची गोळी, तिकडे जपान्याची लाथ. मरणारे दोन्हीकडे आपलेच.

आता थोडं अवघड बोलतो. दर ३० डिसेंबरला व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो, 'जपानने अंदमान आपल्याला स्वतंत्र करून दिलं'. नेताजी २९ डिसेंबर १९४३ ला तिथे पोचले, ३० ला तिरंगा फडकवला, हे खरंच आहे. त्याचा अभिमान मलाही आहे. नेताजींनी सेल्युलर जेलही पाहिला. पण त्याच जेलमध्ये त्या दिवशी डॉ. दिवान सिंग कोठडीत होते. तिथल्या इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे प्रमुख, पंजाबी कवी, लोकांची बाजू घेऊन जपान्यांसमोर उभे राहिलेले. नेताजींना त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. १४ जानेवारी १९४४ ला छळाने त्यांचा जीव गेला. ३० जानेवारीला हंफ्रेगंजला ४४ जणांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. नेताजी जाऊन महिनाही झाला नव्हता. प्रत्यक्ष कारभार कुणाच्या हातात होता, ते यावरून समजा.

१९४५ मध्ये अन्न संपलं. खाणारी तोंडं कमी करायची म्हणून शेकडो लोकांना बोटीत भरून हॅवलॉकजवळ समुद्रात ढकललं. पोहून काठाला लागले त्यातले बहुतेक उपाशी मेले. ऑक्टोबरात जपान्यांनी शरणागती पत्करली. त्या हॅवलॉकचं नाव आज स्वराज द्वीप आहे. आम्ही तिथे नारळपाणी प्यायलो.

सावरकरांचं नाव विमानतळाला आहे, ते योग्यच. १९११ ते १९२१ त्यांनी तिथे काढली. हंफ्रेगंजला स्मारक आहे, तेही बरं झालं. पण ज्यांनी ती जमीन सपाट केली, दगड वाहिले, त्यांची आठवण आम्हाला त्या विमानतळावर कुठे दिसली नाही.

कोकणातल्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या जुन्या पाट्या आहेत, बघितल्या असतील. या गावातून इतके गेले, इतके मेले. नावं नाहीत, नुसता आकडा. अंदमानच्या मजुरांच्या वाट्याला तर तेवढी पाटीही आली नाही.

माझं म्हणणं एवढंच. पाटी लागेल तेव्हा लागेल. तुम्ही अंदमानला जाल तेव्हा विमान टेकल्यावर पट्टा सोडायची घाई करू नका. मिनिटभर बसा. खालची धावपट्टी कुणी बांधली, ते शेजारी बसलेल्या पोराला सांगा.