घायपातीचा अर्क : मेक्सिकोच्या मेस्कालची कुळकथा

दख्खनच्या पठारावरून आगगाडीने जाताना रुळांच्या कडेस, शेतांच्या बांधांवर आणि उजाड माळांवर जाड, काटेरी पात्यांचे गड्डे उभे असलेले आमच्या वाचकांनी पाहिलेच असतील. कोणी तिला घायपात म्हणतात, कोणी केकताड. आपल्याकडे तिचा उपयोग कुंपणापुरता आणि दोरापुरता. त्यापलीकडे तिची विचारपूस फारशी कोणी केली नाही. ही वनस्पती मूळची आपली नव्हे. तिचे माहेर मेक्सिको, आणि माहेरी तिचा मान फार मोठा. तेथील लोकांना तिने अन्न दिले, वस्त्र दिले, पात्याच्या टोकाची सुई आणि त्याच पात्याचा दोरा दिला, आणि अखेर मद्यही दिले. १७५३ मध्ये लिनियसने या प्रजातीस ‘अगावे’ हे नाव दिले. मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘थोर’, ‘कुलीन’ असा आहे. नाव देणाऱ्याने तिची योग्यता ओळखली होती असेच म्हणावे लागेल.

या लेखात घायपातीच्या कुळातून गाळल्या जाणाऱ्या ‘मेस्काल’ नामक मद्याची कथा सांगावयाची आहे. मद्याची भलावण करणे हा आमचा हेतू नाही. आम्हांस कुतूहल आहे ते एका ऐतिहासिक कोड्याचे. मेस्काल हे नाव एक. परंतु त्याखाली मोडणाऱ्या चवी इतक्या भिन्न, की दोन पेल्यांतील द्रव एकाच कुळातले आहेत हे सांगूनही पटू नये. ही विविधता टिकली कशी, आणि आज ती संकटात आली आहे ती कशामुळे? या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात सरकारी फर्मानाचा आणि दप्तराचा वाटा मोठा आहे. म्हणून ही कथा दप्तराशी ज्यांचा जन्माचा संबंध, अशा आमच्या वाचकांना परकी वाटू नये.

मेक्सिकोच्या दक्षिणेस वाहाका नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील मित्ला गावानजीक गिला नाकित्स ही गुहा आहे. १९६६ मध्ये तिचे उत्खनन झाले, तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी भाजून, चघळून टाकलेले घायपातीचे चोथे तेथे सापडले. म्हणजे घायपात भाजण्याची विद्या तेथील शेतीइतकी जुनी. नाव्हात्ल भाषेत ‘मेत्ल’ म्हणजे घायपात आणि ‘इश्काल्ली’ म्हणजे भाजलेली. या दोहोंच्या संधीतून मेस्काल हा शब्द आला. आधी तो खाद्याचा शब्द होता, मद्याचा पुढे झाला.

त्या काळी मद्य होते ते ‘पुल्के’. घायपातीचा गाभा कोरून त्यात साठणारा गोड रस काढावयाचा आणि तो आंबवावयाचा. आपल्या ताडी-माडीचे हे भावंडच. मायावेल ही घायपातीची देवता. देवीचा प्रसाद असल्याने पुल्के वाटेल त्याने वाटेल तेव्हा प्यावे अशी सोय नव्हती. अॅझ्टेक राज्यात सामान्य माणसाच्या नशेस कडक शासन होते; मात्र सोळाव्या शतकातील मेंदोसा चित्रपोथीत सत्तरी गाठलेल्या वृद्धांस मद्याची मुभा असल्याचे चित्र आढळते. मद्यावरील निर्बंध हे सुधारलेल्या राज्यांचे अपत्य आहे, असे समजणाऱ्यांनी हे चित्र ध्यानात ठेवावे.

१५२१ मध्ये स्पॅनिश सत्ता आली आणि तिच्यासोबत आंबवलेला रस गाळण्याची विद्या आली. त्यापूर्वी मेक्सिकोत अर्क गाळत होते काय, यावर विद्वानांत वाद आहे; परंतु बहुतेकांचा कल ही विद्या बाहेरून आली असे मानण्याकडेच आहे. ती आली मात्र दोन वाटांनी, आणि यातली दुसरी वाट आपल्या दृष्टीने मोठी रंजक आहे. पहिली वाट युरोपची. अरबांकडून स्पेनने घेतलेली तांब्याची भट्टी त्या वाटेने आली. तिच्यातील वाफ नळीने बाहेर जाते आणि बाहेरच थंड होते. दुसरी वाट पॅसिफिक महासागराची. १५६५ पासून १८१५ पर्यंत फिलिपाइन्समधील मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत. त्यांतून आलेले फिलिपिनो कोलीमाच्या किनाऱ्यावर वसले. त्यांनी तेथे माड लावले, माडी काढली आणि ती गाळलीही. त्यांच्या भट्टीची रीत निराळी होती : खाली रसाचे मडके, वर थंड पाण्याचे भांडे, वाफ वरच्या भांड्याच्या बुडाला लागून आतल्या आतच ठिबकते आणि मधोमध टांगलेल्या पात्रात साचते. १९४४ मध्ये हेन्री ब्रूमन या भूगोलवेत्त्याने पश्चिम मेक्सिकोतील वीचोल लोकांच्या भट्टीचे मूळ आशियाई असल्याचे दाखवून दिले. पुढे २००८ मध्ये मेक्सिकोच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, कोलीमात माडाचा अर्क गाळणाऱ्या हातांनीच प्रथम घायपातीकडे मोर्चा वळविला असावा. गोव्यात पोर्तुगीज अमलात माडाची फेणी रुळली; तिचे चुलत घराणे महासागर ओलांडून मेक्सिकोत नांदले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आणि येथूनच सरकारचा प्रवेश होतो. स्पेनहून येणारी द्राक्षासवे आणि ब्रँडी खपली पाहिजे, तिच्यावरील जकात बुडता कामा नये, ही वसाहतीच्या तिजोरीची चिंता. १६१२ मध्ये कोलीमातील माडाच्या मद्याविरुद्ध हुकूम निघाला. तथापि १६२१ मध्ये दोमिंगो लासारो दे आर्रेगी याने न्यूव्हा गालिसिया प्रांताचे जे वर्णन लिहिले, त्यात भाजलेल्या घायपातीपासून गाळलेल्या, पाण्याहून निर्मळ आणि अतिशय तीव्र अशा मद्याची नोंद आहे. १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोस राजाने देशी मद्यांवर बंदी घातली. १७९५ मध्ये त्याच्या वारसाने टेकीला गावच्या क्वेर्वो घराण्यास परवाना दिला. बंदी, मग परवाना, मग कर : हा क्रम आमच्या वाचकांस शिकविण्याची आवश्यकता नाही.

परंतु या बंदीचा परिणाम कोणी योजिला नव्हता असा झाला. भट्ट्या बंद झाल्या नाहीत, त्या दऱ्याखोऱ्यांत शिरल्या. शिपाई पोहोचणार नाही अशा ओढ्याकाठी, दोन मडकी आणि एक वेळूची नळी एवढ्या सरंजामावर गाळप चालू राहिले. ज्या दरीत जी घायपात उगवे, तीच तेथे भाजली जाई. जे भांडे हाताशी, त्यातच रस आंबे. एका खोऱ्याची रीत दुसऱ्यास ठाऊक नसे. अशा रीतीने लपून राहण्याच्या गरजेने शंभर गावांच्या शंभर चवी जिवंत ठेवल्या. याच्या उलट आपल्याकडे पाहावे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून गाळप मोठ्या कारखान्यांच्या हाती एकवटले, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. येथे सरकारचा हात लांब होता, डोंगर तोकडे पडले. मोहाच्या दारूच्या गावोगावच्या खुब्या किती होत्या आणि त्यांपैकी किती गेल्या, याचा हिशेब आता कोण देणार?

आता त्या चवींकडे वळू. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलून मरते. त्या एका फुलोऱ्यासाठी ती वर्षानुवर्षे गाभ्यात शर्करा साठवीत असते. फुलाचा दांडा वर येऊ लागताच तो छाटतात. मग साठा गाभ्यातच राहतो. पाती तासली की अननसासारखा दिसणारा गड्डा उरतो. जमिनीत खड्डा खणून लाकडे पेटवितात, त्यावर दगड तापवितात, दगडांवर गड्डे रचून वर चोथा, चटया आणि माती यांचे आच्छादन घालतात. तीन ते पाच दिवसांनी गड्डे तपकिरी, चिकट आणि गोड झालेले निघतात. मेस्कालला धुराचा जो वास येतो तो या खड्ड्याचा. मग घोड्याने ओढलेल्या दगडी चाकाखाली अथवा लाकडी मोगरीने ते ठेचतात, लाकडी पिंपात वा मडक्यात हवेतल्या किण्वांवर आंबवितात आणि सामान्यतः दोनदा गाळतात. आपल्याकडे जिला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात ती, मधली आणि शेवटची, अशा धारा निराळ्या काढून त्यांचे मिश्रण करणे हीच गाळणाऱ्याची विद्या. वेळूच्या नळीतून द्रव भोपळ्याच्या वाडग्यात सोडून तो वर तरंगणारे बुडबुडे न्याहाळतो. मोत्यांसारखे बुडबुडे काही काळ टिकले तर तीव्रता योग्य. मापनयंत्र नंतर आले. त्याच्या आधी शतकानुशतके हे मोतीच प्रमाण होते.

चवींची तुलना करावयाची तर एक पथ्य पाळावे लागते. गाळणारा एक, गाव एक, भांडे एक आणि घायपात तेवढी निराळी, असे पेले शेजारी ठेवावेत. नाहीतर मडक्याचा गुण आपण वनस्पतीच्या नावावर मांडून बसतो. तांब्याच्या भट्टीतून उतरलेला अर्क स्वच्छ, रेखीव लागतो. सांता कातारीना मिनास गावच्या मातीच्या भट्टीतील अर्काला ओल्या मडक्याचा गंध असतो. पिण्याची रीतही घोट घेण्याची नव्हे, ओठ ओले करण्याची. पहिला थेंब जिभेला केवळ सूचना देतो, चव कळते ती दुसऱ्याने.

पहिला पेला ‘एस्पादीन’चा. तलवारीसारख्या पात्यांची ही घायपात सहा ते आठ वर्षांत तयार होते, बुडाशी पिले फोडते आणि शेतात सुखाने नांदते. आजच्या मेस्कालचा बहुतांश भाग हिचाच. चव भाजलेल्या गड्ड्याची, गोडसर, धूर आणि फळ समप्रमाणात. हा षड्ज समजावा. बाकीचे स्वर यावरून ओळखावयाचे. दुसरा पेला ‘तोबाला’चा. ही लहानखुरी घायपात उंच डोंगरांवर, खडकाळ जमिनीत, ओकच्या सावलीला वाढते. तिला पिले फुटत नाहीत, ती केवळ बियांपासून येते आणि दहा-पंधरा वर्षे घेते. तिच्या अर्कात फुलांचा आणि पिकल्या फळांचा सुवास असतो. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ‘पोतातोरुम’, म्हणजे ‘पिणाऱ्यांची’. नाव ठेवणारा अरसिक नव्हता. तिसरा पेला ‘क्विशे’चा. ही काठीसारख्या उंच खोडाची. तिचा अर्क कोरडा, हिरव्या देठाचा आणि पहिल्या पावसातील मातीचा. चौथा पेला ‘तेपेस्ताते’चा. कड्यांच्या कपारीत ही पंचवीस वर्षांपर्यंत उभी राहते, आणि मग तिच्या अर्कात हिरवी मिरची व चुरडलेले गवत यांचा असा काही झणका येतो की, गोडव्याची अपेक्षा करणारा दचकतो. ‘हाबाली’, म्हणजे रानडुक्कर, ही तर भट्टीतच फेसाळून उठते. नावाप्रमाणेच ती आवरण्यास कठीण. चवीचे हे अंतर कोणा कारखान्यात घडविलेले नाही. उंची, सावली, दगड आणि प्रतीक्षेची वर्षे यांचा तो हिशेब आहे.

हा हिशेब चुकविल्यास काय होते, ते टेकीलाने दाखविले. टेकीला हेही मुळात मेस्कालच; परंतु तेथे कायद्याने एकच निळी घायपात मान्य केली आणि ती पिलांवरून लावीत गेल्याने सारी शेते जणू एकाच झाडाची झाली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या शेतांत रोग शिरला, आणि थोड्याच वर्षांत पिकाची टंचाई पडली. मेस्कालला नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले १९९४ मध्ये, आरंभी पाच राज्यांपुरते. पुढे आणखी राज्यांची भर पडली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीने ‘मेस्काल’, ‘कारागिरी मेस्काल’ आणि ‘पूर्वजांचे मेस्काल’ असे तीन वर्ग पाडले. तिसऱ्या वर्गास मातीची भट्टीच आवश्यक. हे वर्गीकरण शहाणपणाचे आहे, हे आम्ही मान्य करतो. त्याने खड्डा, मडके आणि मोगरी यांना दप्तरात जागा दिली.

परंतु दप्तरात जागा मिळण्यास खर्च पडतो. नेमलेल्या सीमेबाहेरच्या गावांना, आणि सीमेच्या आत असूनही प्रमाणपत्राचा खर्च न झेपणाऱ्या भट्टीवाल्यांना, आपल्या आजोबांच्या मद्यास मेस्काल म्हणण्याची चोरी झाली. बाटलीवर त्यांनी ‘घायपातीचा अर्क’ एवढेच लिहावे. २०१५ मध्ये तर अशा मद्यांस ‘कोमिल’ असे अपरिचित नाव लावण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. मोठा विरोध झाला आणि तो प्रस्ताव मागे पडला. ज्यांनी बंदी सोसून वस्तू टिकविली, त्यांच्याकडून संरक्षणाच्या नावाने वस्तूचे नाव काढून घ्यावे, यापरता विपर्यास कोणता?

दुसरे संकट कीर्तीचे. जगभरातून मागणी आली आणि डोंगर खणले जाऊ लागले. दांडा छाटला की फूल नाही, फूल नाही तर बी नाही. आणि ज्या लांबनाक्या वटवाघळांचा निर्वाह या फुलांच्या मधावर, त्यांनाही उपास. जी विविधता शिपायाच्या भयाने वाचली, ती ग्राहकाच्या प्रेमाने संपू पाहत आहे. उपाय अवघड नाही. काही रोपे फुलू द्यावीत, बियांपासून रोपवाटिका कराव्यात. वाहाकातील कित्येक गावे तो करीतही आहेत. मेक्सिकोत वाणांची कदर करणाऱ्यांत एक नाव आपलेही आहे : वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी परागंदा अवस्थेत चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन केले आणि मक्याच्या वाणांवर संशोधन केले. वाहाकात मक्याच्या ओळींमधूनच एस्पादीनची रोपे वाढतात.

आपल्या दख्खनी घायपातीपासूनही या शतकात मद्य गाळले गेले आहे. त्यास मेस्काल म्हणत नाहीत, आणि म्हणूही नये. नाव त्या डोंगरांचे आहे. पण यातील खरा धडा मद्याचा नव्हे, मुदतीचा आहे. तेपेस्तातेचे बी आज लावणारा शेतकरी पंचवीस वर्षांनी गड्डा खणणार. तेवढ्या अवधीत नियम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सात-आठ बदल्या होऊन त्याचे निवृत्तिवेतनही सुरू झालेले असते. नियम लिहिताना त्याने आपल्या कारकिर्दीचे नव्हे, त्या रोपाचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवावे, एवढेच मागणे घायपातीच्या वतीने आम्ही येथे नोंदवितो.