वाघाची मावशी, बिबट्याचा घास

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. नाते थोर आहे, पण भाच्यांच्या राज्यात मावशीची सोय फारशी बरी नाही. ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात, जिथे धानाची बांधी संपते तिथेच जंगल सुरू होते आणि कित्येकदा जंगल गावाच्या आखरापर्यंत येऊन टेकते, तिथे रात्री बाहेर राहिलेले मांजर सकाळी दिसेलच याची शाश्वती नसते. अशा बेवारस मांजरांना श्वापदांपासून राखावे काय, आणि राखायचे तर कोणाकरिता, हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही.

आधी मांजर इथे कशाला आले ते पाहू. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. माणसाने धान्य साठवले, धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर. त्याला कोणी दावे लावून आणले नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टी हा तलावांचा आणि भाताचा मुलूख आहे. जिथे घरोघरी धान साठवायचे, तिथे मांजर हे लाडाचे नव्हे तर कामाचे जनावर. म्हणूनच कुत्र्याप्रमाणे ते पूर्णपणे घरचे झाले नाही आणि रानमांजराप्रमाणे पूर्णपणे रानाचेही राहिले नाही. आजचे बेवारस मांजर हे याच अर्धवट कराराचे अपत्य आहे.

या कराराला धर्माचेही संरक्षण होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारण्याला प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीस द्यावे लागते ही समजूत आपल्या आजीपर्यंत पोचलेली होती. परंतु हे सारे संरक्षण माणसाच्या हातापासूनचे होते. बिबट्याने मांजर नेले तर प्रायश्चित्त कोणाला? त्याबाबत परंपरा गप्प आहे. वाघोबाला शेंदूर लावून त्याने आपली हद्द पाळावी अशी विनवणी करणे, एवढाच उपाय तिच्यापाशी होता.

इंग्रजांनी वेगळा उपाय काढला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्यासोबत चांदा मुलूखही कंपनी सरकारकडे गेला. पुढे ब्रह्मपुरी ही त्या जिल्ह्याची तहसील होती. वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्यास रोख बक्षीस देण्याचे धोरण देशभर चालले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ व दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. गावची गुरे वाचवणे हे त्यामागचे एक कारण होते. गुरे किती वाचली हे सांगणे कठीण. रान मात्र रिते झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाजू पालटली. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान होतेच. १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पश्चिमेला ताडोबा, वायव्येला उमरेड-कऱ्हांडला आणि मध्ये ब्रह्मपुरी वनविभाग. हा विभाग व्याघ्र प्रकल्पात नाही, तरी वाघ-बिबट्यांची मोठी वस्ती त्यात आहे. घोडाझरी अभयारण्य झाले तेही २०१८ मध्ये. म्हणजे इथे माणूस, गुरे, मांजर आणि वाघ एकाच आवारात नांदतात. गाय किंवा शेळी मारली गेली तर सरकार भरपाई देते. मांजराचा पंचनामा होत नाही.

मग मेलेल्या मांजराची नोंद राहते कुठे? बिबट्याच्या विष्ठेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के, आणि मांजरेही होती. शेळ्या संख्येने कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा कमी, कारण शेळी रात्री कोंडली जाते. अकोले उसाचा प्रदेश आहे, ब्रह्मपुरी रानाचा. तेव्हा आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत. पण त्यातला धडा लागू पडतो: ज्याला मालक नाही आणि ज्याच्यासाठी रात्री दार बंद होत नाही, ते जनावर आधी जाते.

येथेच मांजराचा प्रश्न मांजरापुरता उरत नाही. उकिरड्यावर टाकलेले मांस-शिळेपाके कुत्र्या-मांजरांना जगवते, आणि ती बिबट्याला अंगणापर्यंत वाट दाखवतात. २०२२ साली चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्यांनी माणसे मारली, त्यात एक कोवळा मुलगाही होता. त्या वेळी झुडपांची, कचऱ्याची आणि मोकाट जनावरांची चर्चा झाली होती. अंगणात खेळणारे मूल आणि ओट्यावर निजलेले मांजर यांच्यात बिबट्याच्या नजरेला फार अंतर नसते.

म्हणून दयेपोटी रोज संध्याकाळी चौकात दूध-भात मांडणारा माणूस मांजरांना वाचवत नाही, तो त्यांचे ताट बिबट्यासाठी वाढतो, असे आम्ही म्हणू; ते कठोर वाटले तरी. खरा उपाय नीरस आहे: नसबंदी करून संख्या आवरणे, उकिरडा गावापासून दूर नेऊन झाकणे, जे मांजर आपले म्हणायचे त्याला दिवे लागणीला आत घेणे. बिबट्याला हाकलून किंवा मारून हे साधणार नाही. तो प्रयोग पन्नास वर्षे करून झाला आहे.

ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्याने शेळीला गोठा दिला आणि मांजराला नुसती मोकळीक दिली. मोकळीक हे प्रेमाचे लक्षण मानण्याची आपली सवय जुनी आहे. रानाच्या कडेला राहणाऱ्यांना मात्र प्रेमाची परीक्षा रात्री दाराच्या कडीपाशी द्यावी लागते.